रनअप कमी करून
(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको बोलू, जेवणानंतर लोकं झोपतात." म्हणून मी क्रिकेटवर बोलणार आहे. हसू नका. मधल्या सुट्टीत तुमची मॅच चालायची तेव्हा आम्ही मुली कुंपणाजवळ उभ्या राहून स्कोअर लिहायचो. वहीच्या शेवटच्या पानावरचा तो स्कोअरच खरा असायचा, कारण तुम्ही पोट्टे दर ओव्हरला भांडायचे.

आज गावातली मुलं अमरावतीच्या जितेश शर्माचं नाव घेतात, आणि घ्यावंच. पण आपल्या वयाचा माणूस म्हणून मला झहीर खान जवळचा वाटतो. त्याचा जन्म १९७८ चा, म्हणजे आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. गाव श्रीरामपूर. आपल्या चांदूर बाजारसारखंच तालुक्याचं ठिकाण, फक्त आपल्याकडे संत्रा आणि कापूस, तिकडे ऊस. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका, प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत. मुलगा अभ्यासात बरा होता, इंजिनिअरिंगच्या वाटेवर होता. तेव्हा वडिलांनीच त्याला सांगितलं की देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बोलिंग कर. आपल्यापैकी कोणाच्या बाबांनी असं म्हटलं असतं? माझे बाबा तर बारावीच्या निकालादिवशीच बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची चौकशी करून आले होते.

झहीर मुंबईला गेला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत, मग बडोद्याकडून रणजी. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवणारा तो यॉर्कर मी हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिला होता.

२३ मार्च २००३ तुम्हाला आठवत असेल. रविवार होता, मी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला. वर्ल्ड कपची फायनल. त्या स्पर्धेत झहीरने १८ विकेट घेतल्या होत्या, पण फायनलच्या पहिल्याच ओव्हरमध्ये १५ धावा गेल्या. ऑस्ट्रेलियाने ३५९ केल्या आणि आपण १२५ धावांनी हरलो. लोकांनी १८ विकेट विसरून ती एक ओव्हर लक्षात ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला त्याने एका डावात पाच बळी घेतले आणि लगेच मांडीचा स्नायू दुखावला. पुढची दोन वर्षं दुखापती, आत-बाहेर. नवीन मुलं आली: इरफान पठाण, श्रीशांत, मुनाफ पटेल, आर. पी. सिंग. २००६ च्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर तो संघातून बाहेर गेला. वय २७. अनेकांनी तेव्हाच त्याचा हिशोब बंद केला.

आता मी माझं सांगते. ते सांगायलाच इथे उभी आहे.

२०१७ मध्ये आपल्या तुकडीचा वीस वर्षांचा मेळावा झाला. मी ग्रुपवर लिहिलं होतं, "पुण्यात आहे, रिलीज आहे, येणं जमत नाही." ते खोटं होतं. मी इथेच होते. आपल्या शाळेपासून दहा मिनिटांवर, आमच्या घरी. आईला पक्षाघात झाला होता, बाबा एकटे पडले होते, आणि मी नोकरी सोडून आले होते. त्या दिवशी तुमच्या लाउडस्पीकरचा आवाज मला अंगणात ऐकू येत होता. मी दार लावून घेतलं. वर्गात गणितात पहिली येणारी पोरगी घरी बसली आहे, हे तुम्हाला कळू नये म्हणून.

साडेतीन वर्षं गेली. आई गेल्यावर मी पुन्हा अर्ज करायला लागले. मला तेच पद, तोच पगार हवा होता. एका कंपनीत माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाने बायोडाटा पाहून विचारलं, "या मधल्या काळात तुम्ही काहीच केलं नाही का?" साडेतीन वर्षं आईची कूस बदलणं, तिला भरवणं, ती पुन्हा 'पाणी' म्हणायला शिकली तो दिवस, हे सगळं 'काहीच' या शब्दात बसलं. मला उत्तर देता आलं नाही. अशा सात मुलाखती झाल्या.

तेव्हा मी झहीरच्या २००६ सालाबद्दल वाचलं. संघाबाहेर गेल्यावर त्याने काय केलं? तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या काउंटीकडून खेळायला गेला. तिथे तो भारताचा स्टार नव्हता. थंडी, थोडे प्रेक्षक, एक सामना संपला की बस धरून दुसऱ्या गावी. पूर्ण मोसम त्याने ओव्हरवर ओव्हर टाकल्या आणि ७८ विकेट घेतल्या. एसेक्सविरुद्ध एका डावात पहिल्या नऊच्या नऊ त्याच्याच. दहावा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला, नाहीतर दहाच्या दहा झाल्या असत्या.

पण मला आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. परत येताना तो पूर्वीचा बोलर राहिला नाही. त्याने रनअप लहान केला, चेंडू टाकण्यापूर्वीची मोठी उडी सोडली. थोडा वेग गेला, पण शरीर टिकलं आणि चेंडूवर ताबा आला. नवीन चेंडू सगळेच टाकतात, त्याने जुना चेंडू आपलासा केला. पळत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा, म्हणजे चकाकी कोणत्या बाजूला आहे ते बॅट्समनला दिसायचंच नाही.

२००७ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये तो कसोटी खेळला. ट्रेंट ब्रिजला तो बॅटिंगला आला तर क्रीजवर कोणीतरी जेली बीन्सच्या गोळ्या टाकलेल्या. तो चिडला, आणि दुसऱ्या डावात पाच विकेट घेतल्या. सामन्यात नऊ. ती मालिका आपण १-० ने जिंकलो, इंग्लंडमध्ये १९८६ नंतर पहिल्यांदाच.

आणि २ एप्रिल २०११, वानखेडे. पुन्हा वर्ल्ड कप फायनल, पुन्हा झहीरच्या हातात नवा चेंडू. २००३ च्या पहिल्या ओव्हरमध्ये १५ धावा गेल्या होत्या. या वेळी पहिल्या पाच ओव्हरमध्ये सहा धावा, त्यातल्या तीन ओव्हर निर्धाव, आणि एक विकेट. शेवटच्या ओव्हरमध्ये मारही बसला, तेही खरं. पण स्पर्धेत त्याच्या २१ विकेट होत्या, शाहिद आफ्रिदीसोबत सगळ्यात जास्त. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा कसोटीत ३११ आणि एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी त्याच्या नावावर होते. २००६ मध्ये त्याने जुनाच रनअप धरून ठेवला असता तर यातलं किती झालं असतं?

मी झहीर नाही, माझ्यासाठी वानखेडे भरलं नाही. पण मीही रनअप कमी केला. पूर्वीचं पद मागणं सोडलं. पुण्यात एका छोट्या कंपनीत, जुन्या पगाराच्या निम्म्यावर, टेस्टिंगच्या टीममध्ये लागले. चोवीस वर्षांच्या मुलीशेजारी वही घेऊन बसले आणि तिला म्हटलं, "हे क्लाऊडचं मला येत नाही, शिकव." पहिल्या दिवशी लाज वाटली, आठव्या दिवशी नाही वाटली. मग लक्षात आलं की तिथे एक पंधरा वर्षं जुनी बिलिंगची प्रणाली होती, तिला नवीन मुलं हात लावायला घाबरायची. मला ती वाचता येत होती. तो माझा जुना चेंडू. आज त्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे.

आपण संत्र्याच्या पट्ट्यातली माणसं. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाचं पाणी तोडतात, ताण देतात, हे इथे कोणाला सांगायला नको. पानं मलूल होतात, बाहेरच्या माणसाला वाटतं झाड गेलं. पण ताण हा बहाराचाच भाग असतो. फक्त बाबा नेहमी म्हणतात, वेळेवर पाणी सोडलं नाही तर झाड खरंच वाळतं. म्हणजे कोणीतरी पाणी सोडणारं लागतं. झहीरला वूस्टरशायरने जागा दिली. मला त्या मुलीने शिकवलं. आणि त्याआधी, २०१७ मध्येच, आपल्या गणिताच्या सरांनी आठवडी बाजारात मला पाहिलं होतं. सर, तुम्हाला आठवत नसेल. मी चेहरा लपवत होते. तुम्ही नोकरीचं काही विचारलं नाही. फक्त म्हणालात, "आई कशी आहे बेटा? आणि तू जेवतेस ना वेळेवर?" मी घरी येऊन खूप रडले, आणि त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवले.

माझी एकच विनंती आहे. आज आपल्या तुकडीतले काहीजण आले नाहीत. कोणी "काम आहे" लिहिलं असेल, कोणी काहीच लिहिलं नसेल. त्यातलं एखादं कदाचित शाळेपासून दहा मिनिटांवर दार लावून बसलं असेल. उद्या त्यांना फोन करा. "सध्या काय करतोस?" हे नका विचारू. "कसा आहेस?" एवढंच विचारा.

आणि सर, आज मी वेळेवर जेवले आहे.