कुणी सांगितलं? त्याला कसं ठाऊक?



आज आपण मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलू या. मार्कांचं बोलणं आज बाजूला ठेवू. माहिती कुठे शोधायची आणि मिळालेली माहिती पारखायची कशी, हे मुलांना कसं शिकवावं, हा आजचा विषय.

आपल्या बऱ्याच घरांत फोन आईचा असतो, पण त्यावर आलेला मजकूर वाचून दाखवतं सहावी-सातवीतलं लेकरू. बँकेचं, रेशनचं, योजनेचं सगळं तेच वाचतं. त्याला पारख आली तर सगळं घर सावध होतं.

पारख नसली की काय होतं, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा फोनवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. ‘हे कुणी सांगितलं?’ एवढा प्रश्न वेळेवर कुणी विचारायला हवा होता.

त्याच वर्षी केरळच्या कण्णूर जिल्ह्यात हा प्रश्न शाळेत शिकवायला घेतला. लसीकरणाविषयी खोटे मेसेज फिरले होते, त्यामुळे आईबाप लस द्यायला घाबरत होते. मग जिल्हा प्रशासनाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे तास सुरू केले.

आम्ही बाळकुमच्या गटातल्या बायका शनिवारी दुपारी मुलांना घेऊन बसतो, तेव्हा असंच काही साध्या रीतीने करतो. मुलांना एक प्रश्न द्यायचा आणि उत्तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणायला सांगायचं.

एकदा प्रश्न दिला, भारतातली पहिली रेल्वे कोणती? ठाण्याच्या मुलांना उत्तर पाठच असतं. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे. पण एका मुलीने आणलं, मद्रासजवळ रेड हिल्स, 1837. झालं भांडण! मग दोन्ही नोंदी नीट वाचल्या. मद्रासची गाडी दगड वाहून नेण्यासाठी होती, आपली गाडी प्रवाशांची. दोन्ही माहिती खरी, आमच्या प्रश्नातच ‘प्रवासी’ हा शब्द राहिला होता. प्रश्न नेमका विचारणं हा शोधण्यातला पहिला धडा.

दुसरा प्रश्न आपल्या गावाचा. खाडीत पूर्वी कोणती मासळी मिळायची, शेतं कुठे होती? हे फोनपेक्षा गावातल्या आजीला जास्त ठाऊक. पण तिलाही विचारायचं, ‘आजी, तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलं की कुणाकडून ऐकलं?’ पाहिलेलं वेगळं लिहायचं, ऐकलेलं वेगळं. त्याहून जुनं हवं असेल तर इंग्रज सरकारने 1882 साली छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. मराठी विश्वकोश तर फोनवर फुकट वाचता येतो. त्याचा पहिला खंड 1976 चा, म्हणून लोकसंख्येसारखे आकडे घेताना साल बघावं लागतं.

यातून मुलांनी तीन प्रश्न पाठ केले आहेत. हे कुणी सांगितलं? त्याला कसं ठाऊक? आणि कधीचं आहे?

हेच प्रश्न घरात कामाला येतात. लाडकी बहीण योजनेच्या नावाने एखादी लिंक आली, की आधी पत्ता वाचायचा. महाराष्ट्र सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. शंका आली तर अंगणवाडी सेविकेला विचारायचं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या नंबरवर फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

एक गोष्ट मात्र सांभाळू या. लेकराने आपल्यालाच विचारलं, ‘आई, तुला कुणी सांगितलं?’ तर ‘उलट बोलू नकोस’ म्हणून त्याला गप्प करू नका. घरात ज्याला हा प्रश्न विचारता येत नाही, त्याला तो बाहेरच्या जमावात कसा विचारता येईल?

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच करा. आठवड्यात फोनवर आलेला एक मेसेज मुलांना मोठ्याने वाचायला लावा आणि तिन्ही प्रश्न विचारा. उत्तर सापडलं नाही, तर तो मेसेज पुढे पाठवायचा नाही. गटाचा ठराव म्हणून वहीत लिहून घ्या.