दीड दिवसाची शाळा आणि ‘फकिरा’



कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, तो स्पेनचा सर्व्हान्तेस सुखासीन लेखक नव्हता. १५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी युद्धात त्याचा डावा हात निकामी झाला. पुढे अल्जियर्समध्ये पाच वर्षांचा बंदिवास त्याच्या वाट्याला आला आणि मायदेशी परतल्यावर तुरुंगही चुकला नाही. १६०५ मध्ये ‘डॉन क्विक्झोट’ने त्याला कीर्ती दिली, दारिद्र्य मात्र अखेरपर्यंत सोबतीला राहिले.

असेच एक आयुष्य आपल्या वारणाकाठी उगवले. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावातील मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई यांच्या पोटी तुकाराम जन्माला आला. तोच पुढे अण्णा भाऊ साठे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला. वाळवा तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले.

अण्णा भाऊंची शाळा अवघी दीड दिवसाची! पोटासाठी हे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला गेले. तेथे हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचत त्यांनी अक्षरे जुळवली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने मैदाने दणाणून सोडली. ते साम्यवादी होते, हे झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या राजकीय मतांशी मतभेद असू शकतात; त्यांनी मांडलेल्या वेदनेशी मतभेद कसा असेल?

ही वेदना समजण्यासाठी एक कायदा ध्यानात घ्यावा लागेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसाच्या जन्मावरच चोरीचा शिक्का मारला. मांग समाजाच्या माथी हजेरी आली. मूल पाळण्यात असतानाच सरकारदरबारी संशयित ठरत होते! या अपमानाला अण्णा भाऊंनी कादंबरीतून उत्तर दिले. १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक दुष्काळात धान्य लुटतो, परंतु ते भुकेल्यांच्या मुखी जावे म्हणून. त्याच्या शौर्याला नीतीची चौकट आहे. गावचे विष्णुपंत कुलकर्णी या उपाशी माणसांच्या पाठीशी उभे राहतात, हेही या कादंबरीत आहे. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, तेच गावाच्या अब्रूसाठी प्राण देतात, हे तिचे मर्म होय.

ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिला प्रस्तावना लाभली ती सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची. १९६१ मध्ये राज्य शासनाने तिला पुरस्कार दिला. त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. पण परतले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच! सुमारे पस्तीस कादंबऱ्या लिहिणाऱ्या या साहित्यिकाने १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, विपन्नावस्थेत देह ठेवला.

मृत्यूनंतर सन्मान आले. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. हे सारे उचितच आहे. परंतु प्रश्न आपल्या घराचा आहे. आपल्या कपाटात खांडेकरांची ‘ययाती’ असते. तिच्या शेजारी ‘फकिरा’ असते काय? अण्णा भाऊंना एका जातीच्या जयंतीपुरते ठेवणे म्हणजे त्यांना पुन्हा वेशीबाहेर ठेवणे होय. वेस दगडामातीची असते तशी मनाचीही असते. पहिली कधीच ढासळली, दुसरी पाडणे आपल्या हाती आहे.

येत्या १ ऑगस्टला प्रतिमेला हार जरूर घालावा. पण त्या रात्री घरातील मुलांना जवळ बसवून ‘फकिरा’चे पहिले प्रकरण मोठ्याने वाचावे. दीड दिवस शाळेत गेलेल्या या लेखकाची खरी पूजा तीच ठरेल.