लांकडी डेक आणि आपला पावसाळा



लांकडावर तेल कसें चढवावें, हा विषय नभोवाणीवरून बोलण्याजोगा आहे काय, असें आपणांपैकीं कांहीं जणांस वाटलें असेल. रंगारी आहे, सुतार आहे, दुकानांत तयार डबे आहेत. घरधन्यानें पैसे मोजावे कीं काम झालें. माझें म्हणणें असें कीं, आपल्या हवेंत तें तसें होत नाहीं. पैसे मोजले जातात, काम झाल्यासारखें दिसतें, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर सुतारानें पटाशीचें टोंक फळींत खुपसलें तर तें लोण्यांत शिरावें तसें शिरतें. ती फळी पायाखालची असली किंवा कठड्याची असली, तर हा प्रश्न शोभेचा राहात नाहीं. घरांतील म्हातारी माणसें कठड्यास टेकून उभीं राहतात आणि मुलें त्यावर चढतात.

उदाहरणासाठीं आपण कोपर घेऊं. मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानचें हें स्थानक. वसईकडून दिव्यास येणारी गाडी येथें वरच्या अंगानें जाते. जवळच उल्हास नदीची खाडी आहे. गेल्या कांहीं वर्षांत या साऱ्या टापूंत, ठाण्यापासून कल्याणपर्यंत, उंच इमारती उठल्या आणि त्यांच्या गच्च्यांवर व सज्ज्यांत लांकडी फळ्यांची बैठक घालण्याची हौस आली. जाहिरातींत तिला डेक म्हणतात. शब्द जहाजावरचा आहे, आणि तो तेथून आला हें एका अर्थीं बरें झालें. कारण या बाबतींत जहाजांकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. त्याकडे मी मागाहून येतों.

प्रथम हवेचा विचार करूं. या भागांत वर्षास २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण लांकडाचें नुकसान पडणाऱ्या पाण्यानें जितकें होतें, तितकेंच हवेंतल्या ओलीनें होतें. लांकूड हें तोडल्यावरहि हवेशीं देवघेव करीत असतें. माघ-फाल्गुनांत त्याच्या अंगांत वजनाच्या शेंकडा ११-१२ इतकी ओल असली, तर श्रावणांत तीच १८-२० पर्यंत चढते, आणि तीहि छपराखालीं, प्रत्यक्ष पाऊस न लागतां. ओल चढली कीं फळी रुंदीनें फुगते. उतरली कीं आकसते. सव्वाशें मिलिमीटर, म्हणजे पांच इंच, रुंदीची साधी कापाची सागवानी फळी या एका फेऱ्यांत सुमारें दीड मिलिमीटर हलते. लांबींत मात्र ती जवळजवळ मुळींच हलत नाहीं. हें सारें दरवर्षी घडतें आणि जगांतील कोणताहि डबा तें थांबवूं शकत नाहीं.

आतां घरधन्याची इच्छा काय असते? फळी आरशासारखी चमकावी आणि पाण्याचा थेंब आंत जाऊं नये. म्हणून तो रोगण लावतो, एकावर एक तीन-चार हात. रोगण म्हणजे लांकडावर चढविलेली पातळ कांचच म्हणाना. ती नवी असते तोंवर उत्तम. पण खालची फळी हलते आणि कांच तितकी हलत नाहीं. पहिल्याच वर्षीं सांध्यांपाशीं व खिळ्यांभोंवतीं केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाऊस आंत शिरतो, आणि आंत शिरलेलें पाणी त्याच रोगणामुळें बाहेर पडूं शकत नाहीं. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस शेंकडा २० च्या वर ओल मिळाली कीं पुरे. उघडी फळी पावसानंतर चार दिवसांच्या उघाडींत वाळते. रोगणाखालची फळी ओलीच राहते. जी वस्तू आपण संरक्षणासाठीं लावली, तीच कुजण्यास मदत करते.

याचा अर्थ रोगण वाईट असा नव्हे. देव्हारा, मेज, पुस्तकांचें कपाट यांस तें शोभतें व टिकतें. लाखेचें पॉलिशहि घरांतच राहूं द्यावें. दमट हवेंत तें पांढरें पडतें हें आपण पाहतोंच.

उन्हाची गोष्ट वेगळी आहे. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण लांकडाचे तंतू एकमेकांस चिकटवून ठेवणारें द्रव्य फोडतात. मग पाऊस तें धुऊन नेतो, आणि फळी राखेसारखी करडी पडते. पारदर्शक रोगण या किरणांस अडवीत नाहीं, म्हणून कित्येकदां रोगणाची पापडी शाबूत आणि तिच्याखालचें लांकूड सैल झालेलें, असा प्रकार होतो. नंतर पापडीच्या पापडी सुटतात. किरणांस अडवितो तो रंगाचा कण, आणि त्यांतहि लोहाचा तांबडा-पिवळा कण. गेरू म्हणजे तरी दुसरें काय? आज दुकानांत लांकडासाठीं जीं रंगीत तेलें मिळतात, त्यांत हेंच लोहभस्म अत्यंत बारीक करून घातलेलें असतें. त्यामुळें बिनरंगी तेलापेक्षां किंचित् तांबूस किंवा तपकिरी छटेचें तेल अधिक टिकतें, ही गोष्ट पसंतीची नसून शास्त्राची आहे.

आतां जहाजांकडे येऊं. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर शिवाजी महाराजांनीं आरमाराचीं जहाजें बांधावयास प्रारंभ केला तो याच खाडीच्या आश्रयानें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें पुढें जें काम केलें, तें जगप्रसिद्ध आहे. त्यांनीं बांधलेली त्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरली. ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ! विलायती ओक लांकडाचा तुटवडा पडल्यामुळें इंग्रज आरमारानें सागवानाकडे धांव घेतली होती, आणि सागवानानें लाज राखली.

अशा जहाजांच्या डेकास काय लावीत असत? बहुतेक कांहींच नाहीं. सागवानी डेक उघडा ठेवीत, समुद्राच्या पाण्यानें रोज धूत, वाळूच्या दगडानें घांशीत. फळ्यांच्या सांध्यांत ताग व डांबर ठांसलेलें असे, आणि पाणी वाहून जाण्यास डेकास उतार असे. त्या लोकांनीं लांकडास कोंडलें नाहीं. पाण्यास वाट दिली. आपल्या जुन्या घरांतहि हीच नीति दिसते. वाड्याचा लांकडी खांब जमिनींत पुरीत नसत. त्याखालीं दगडी तळखडा असे, म्हणजे जमिनीची ओल वर चढूं नये. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. त्या घरांतील सागवान शंभर वर्षांनीं उतरवून विकलें जातें आणि सुतार त्यास रंधा मारतांना नव्या लांकडाहून तें पसंत करतो.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. जुनें लांकूड म्हणून रेल्वेचे जुने स्लीपर विकत घेऊन त्यांचा डेक करण्याची कल्पना कित्येकांस सुचते. कल्याणपर्यंत लोहमार्ग १८५४ सालीं आला. पुढें दीर्घकाळ रुळांखालीं लांकूडच असे, आणि तें टिकावें म्हणून त्यास दाबाखालीं क्रिओसोट पाजण्याची पद्धत होती. हें कोळशाच्या डांबरापासून निघणारें तेल माणसाच्या कातडीस व फुप्फुसास घातक आहे. उन्हांत तें पाझरतें. जेथें मुलें अनवाणी खेळतात तेथें असें लांकूड नको.

दुसरी एक हकीकत आपल्याच देशाची आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोन्ती कामेशम् यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोम आणि आर्सेनिक यांचें एक मिश्रण शोधून काढलें. दाबाखालीं तें लांकडांत भरलें कीं वाळवी व बुरशी त्यास शिवत नाहीं. 'अस्कू' या नांवानें तें जगभर गेलें आणि अमेरिकेंतील लक्षावधि घरांचे डेक त्याच्या जोरावर उभे राहिले. पण आर्सेनिक तें आर्सेनिकच. २००३ च्या अखेरीस तेथील उत्पादकांनीं घरगुती उपयोगासाठीं तें देणें बंद केलें. शोध खोटा नव्हता, त्याची जागा खांब आणि धक्के ही होती, घरची बैठक नव्हे.

मग करावें काय? लांकूड निवडतांना सागवान हें नांव ऐकून समाधान मानूं नये. टिकाऊपणा गाभ्याच्या लांकडांत असतो. बाहेरचें पांढुरकें लांकूड वाळवीस इतर कोणत्याहि झाडाइतकेंच गोड लागतें, आणि हल्लींच्या लहान वयाच्या लागवडीच्या सागांत तें पुष्कळ असतें. फळ्यांमध्यें चार-पांच मिलिमीटर फट ठेवावी. खालून वारा खेळला पाहिजे. गच्चीच्या लादीवर फळ्या थेट आंथरल्या तर वरून किती तेल पाजलें तरी व्यर्थ आहे. स्क्रू पितळी किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाचे घ्यावे. साध्या लोखंडाभोंवतीं सागवान काळें पडतें. माझ्या मतें डेकाचें आयुष्य या तीन-चार गोष्टींवर ठरतें. तेलाचा क्रम त्यांच्या मागून. सुतारास हें पटवितांना थोडा वाद होईल, तो करावा.

काम काढण्याचा काळ मार्गशीर्ष ते माघ. पावसाळा संपल्याबरोबर आश्विनांत घाई करूं नये. वरून फळी कोरडी दिसते, पण आंतली ओल निघावयास सहा-आठ आठवडे लागतात. वैशाखांत फळी इतकी तापते कीं तेल जिरण्यापूर्वींच वर चिकट होऊन बसतें. फळी पिण्यास तयार आहे कीं नाहीं हें पाहण्यास पाण्याचे चार थेंब टाकावे. ते जिरून डाग काळसर झाला तर तेल जिरेल. मोत्यासारखे राहिले तर जुनें तेल किंवा रोगण अजून आंत आहे, तें खरवडून काढावें. शेवाळ असल्यास ब्रशानें व साध्या पाण्यानें, फळीच्या रेषेंत, धुवावें. नंतर चार-सहा दिवस कोरडें होऊं द्यावें. मग जाडसर कांचकागद फिरवावा. अगदीं गुळगुळीत करूं नये. गुळगुळीत फळी तेल कमी पिते आणि पावसांत पाय घसरतो. नव्या सागवानाच्या अंगचें तेल वर आलेलें असतें, तें टर्पेंटाइनच्या फडक्यानें पुसून लगेच काम सुरू करावें.

तेल कोणतें, हा प्रश्न मला नेहमीं विचारतात. नुसतें अळशीचें तेल, कच्चें किंवा ज्यास बाजारांत बेलतेल म्हणतात तें उकळलेलें, हें फार जुनें औषध आहे. कोरड्या प्रदेशांत तें छान काम देतें. आपल्याकडे पावसाळ्यांत त्यावर काळी बुरशी धरते, कारण तिला तें अन्न आहे. म्हणून बुरशीनाशक व लोहरंग घातलेलें, बाहेरच्या लांकडासाठीं म्हणून विकलें जाणारें तेल घ्यावें. कोंकणांत होड्यांस व घराच्या लांकडास काजूच्या टरफलांचें तेल लावण्याची चाल आहे. किडीस तें मुळींच मानवत नाहीं, आणि तुळया-वाशांसाठीं मी तें खुशाल सुचवीन. पण तें लांकूड काळें करतें आणि कच्चें असतां कातडीवर फोड उठवितें. बसण्याच्या जागेस तें नको.

तेल सावलींत, सकाळचें दंव उडाल्यावर, पातळ लावावें. अर्ध्या तासाच्या आंत, जें जिरलें नसेल तें फडक्यानें निष्ठुरपणें पुसून घ्यावें. गृहस्थांचा हात येथें अडखळतो. पैसे दिलेलें तेल पुसून टाकणें जिवावर येतें. परंतु वर राहिलेलें तेल म्हणजे पुन्हां तीच पापडी, शिवाय चिकट. दुसरा हात दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं. फळीच्या कापलेल्या तोंडांस मात्र तीन-चार वेळां, पिईल तितकें पाजावें. झाडाच्या नळ्या तेथें उघड्या असतात आणि पाणी सर्वांत आधीं तेथूनच चढतें. फळ्या नव्यानें बसवावयाच्या असतील तर बसविण्यापूर्वींच सहाहि बाजूंस तेल द्यावें, कारण पुढें खालची बाजू हातास लागणार नाहीं.

हें काम दरवर्षीं आहे. रोगणवाला पांच वर्षांची हमी देतो आणि तेलवाला एकाच वर्षाची, म्हणून पहिला स्वस्त वाटतो. पण रोगण बिघडल्यावर तें सारें खरवडून काढण्यास जी मजुरी पडते, तींत तेलाचे कित्येक हात होतात. आणि तेल लावण्यासाठीं दरवर्षीं कोणीतरी गुडघ्यावर बसून एकेक फळी पाहतो, हलणारा स्क्रू व मऊ पडलेलें टोंक वेळेवर सांपडतें. कठड्याचा खांब त्याच वेळीं दोन्ही हातांनीं हलवून पाहावा.

शेवटची सूचना फडक्यांबद्दल. अळशीसारखें तेल वाळतें तें हवेंतला प्राणवायु घेऊन, आणि त्यांत उष्णता निघते. तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत ढीग घातला तर ती उष्णता आंत सांठून, कोणी काडी न ओढतां, फडकीं पेट घेतात. काम संपतांच तीं पाण्याच्या बादलींत बुडवावींत, किंवा एकेक सुटें पसरून मोकळ्या जागीं वाळूं द्यावें, आणि मगच हात धुवावयास जावें.