कचऱ्याच्या ढिगांतील वायु

इ. स. १७७६ सालीं इटलींतील पंडित आलेस्सांद्रो व्होल्टा हा माजोरे सरोवराच्या कांठचा चिखल काठीनें ढवळीत होता. चिखल हलतांच बुडबुडे वर येत. ते त्यानें पाण्यानें भरलेल्या उपड्या बाटलींत धरले व त्या वायूस ज्योत लावून पाहिली. वायु निळसर ज्योतीनें जळला. दलदलींतून निघणारा हा वायु म्हणजेच मिथेन होय. कार्बनचा एक व हायड्रोजनचे चार अणु मिळून त्याचा रेणु बनतो. त्यास रंग नाहीं व वासहि नाहीं. म्हणून तो नित्य सभोंवतीं असूनहि मनुष्याच्या ध्यानांत येत नाहीं.

जेथें सेंद्रिय पदार्थ कुजतो आणि हवा पोंचत नाहीं, तेथें कांहीं सूक्ष्म जीव हा वायु निर्माण करितात. दलदल, पाण्यानें भरलेलें भाताचें खाचर, रवंथ करणाऱ्या गुरांचें पोट आणि शहराच्या कचऱ्याचा ढीग, हीं स्थळें वरून कितीहि भिन्न दिसलीं तरी त्यांच्या आंत चालणारी क्रिया एकच आहे. याखेरीज कोळशाच्या खाणी व तेलाच्या आणि वायूच्या विहिरी यांतूनहि मिथेन बाहेर पडतो. जगांतील एकंदर मिथेनपैकीं शेंकडा ६० च्या आसपास भाग मनुष्याच्या उद्योगांतून येतो. उरलेला निसर्गाचा, मुख्यत्वें पाणथळ जागांचा. त्या जागा बुजवून वायु थांबविणें म्हणजे पक्षी, मासे आणि भूमींतील पाणी यांचा नाश ओढवून घेणें होय. तेव्हां जो कांहीं बंदोबस्त करावयाचा तो मनुष्याच्या वाट्यांतच केला पाहिजे.

या बंदोबस्ताची निकड मोठी आहे. इ. स. १७५० च्या सुमारास हवेच्या १०० कोटि भागांत मिथेनचे ७०० हून थोडे अधिक भाग होते. आज ते १९०० च्या वर गेले आहेत. वीस वर्षांच्या मुदतीचा हिशेब केला तर एक टन मिथेन हा एक टन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें ८० पट उष्णता धरून ठेवितो. मात्र या वायूचें हवेंतील आयुष्य अल्प, सुमारें १२ वर्षांचें आहे. म्हणून त्याचा उगम आज आवरला तर त्याचें फळ याच पिढीस पाहावयास मिळेल.

परंतु आवरावयाचें तर प्रथम किती निघतें हें कळलें पाहिजे. मुंबईचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. शहराच्या पूर्वेस, खाडीलगत, देवनार येथें १९२७ पासून कचरा टाकण्यांत येऊं लागला आणि शंभर हेक्टरांहून अधिक जागेवर त्याच्या टेंकड्या उभ्या राहिल्या. अशा ढिगांतून किती वायु निघतो याचा हिशेब करण्याची जुनी रीत कागदावरची आहे. कचरा किती टन आला, त्यांत ओला भाग किती, तो किती वर्षांत कुजतो, हीं मानें धरून गुणाकार करावयाचा. घरखर्चाचा अंदाज वर्षारंभीं बांधावा, पण वर्षाअखेर पेटी उघडून पैसे मोजूं नयेत, तशांतला हा प्रकार होता.

पेटी उघडण्याचें काम उपग्रहांनीं केलें. भूमीवरून परावृत्त होणाऱ्या सूर्यप्रकाशांतील ठराविक अवरक्त किरण मिथेन शोषून घेतो. त्या किरणांत किती तूट आली हें पाहून हवेंतील वायूचें प्रमाण काढतां येतें व वाऱ्याचा वेग जमेस धरला म्हणजे दर तासास किती वायु सुटतो हेंहि समजतें. २०१७ सालीं सोडलेल्या युरोपीय उपग्रहावरील ट्रोपोमी नांवाचें यंत्र अख्ख्या शहराचें प्रमाण दाखवितें. दुसरे लहान उपग्रह नेमका ढीग हुडकून काढतात. या दोहोंच्या साहाय्यानें दिल्ली, मुंबई, लाहोर व ब्वेनोस आयरेस या शहरांचें माप घेण्यांत आलें. १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, २०२२ सालीं तें प्रसिद्ध झालें. मुंबईच्या ढिगांतून तासास सुमारें १० टन मिथेन निघत असल्याचें त्यांत आढळलें; आणि या चार शहरांचें प्रत्यक्ष उत्सर्जन कागदी हिशेबाच्या १.४ पासून २.६ पटींपर्यंत भरलें.

तथापि उपग्रहाचें मापहि सर्वस्वी पुरेसें नव्हे. तो क्षणमात्र वरून जातो व ढगांच्या आड त्यास दिसत नाहीं. आषाढ-श्रावणांत, जेव्हां कचरा अधिकच भिजतो, तेव्हांच मुंबईवर मेघांचें छत्र असतें. म्हणून ढिगावर ठेविलेलीं यंत्रें आणि आकाशांतील यंत्र यांनीं एकमेकांचा ताळा पाहिला पाहिजे.

हा केवळ शास्त्रज्ञांच्या वहींतील विषय नाहीं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या ढिगास आग लागून ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि महापालिकेस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आंत सांचलेला मिथेन अशा आगीस इंधन पुरवितो. पायथ्याशीं राहणाऱ्या गोवंडीच्या रहिवाशांस आणि कचरा वेंचून पोट भरणाऱ्यांस त्या धुराची किंमत श्वासानें द्यावी लागली.

उपाय अज्ञात नाहींत. गोराई येथील ढिगावर कचरा टाकणें २००७ अखेर बंद झालें. तो आच्छादून आंतील वायु नळ्यांनीं गोळा करून जाळण्याची योजना झाली. जळलेल्या मिथेनपासूनहि कार्बन डाय-ऑक्साइड निघतो खरा, परंतु त्याची उष्णता धरण्याची शक्ति पुष्कळच कमी. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे ओला कचरा ढिगावर जाऊंच न देणें व बंद टाकींत कुजवून त्याचा वायु कामास लावणें. हीहि कल्पना नवी नाहीं. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्यांत आले होते.

तेव्हां या कामाचा आरंभ उपग्रहापासून होत नाहीं. तो स्वयंपाकघरांतील दोन डब्यांपासून होतो. भाजीचीं देंठें व उष्टें अन्न एका डब्यांत आणि काच-कागद दुसऱ्या डब्यांत पडला, आणि तो भेद पुढें गाडीवरहि राखला गेला, तर ढिगांत कुजावयास फारसें उरणारच नाहीं. तसें घडलें कीं नाहीं, हें मात्र आतां आकाशांतून कोणासहि पडताळून पाहतां येईल.