कर्ज न देणारी संघटना

आंतरराष्ट्रीय संस्था म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतं कर्ज. जागतिक बँक प्रकल्पांना पैसे देते, आशियाई विकास बँक रस्त्यांना देते, नाणेनिधी अडीनडीला धावून येतो आणि सोबत अटी आणतो. आज मी ज्या संस्थेबद्दल बोलणार आहे ती देशांना कर्ज देतच नाही. तरी इंडोनेशिया आणि थायलंड तिच्या दारात उभे आहेत. ही संस्था म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, ओईसीडी.

1961 साली सुरू झाली, मुख्यालय पॅरिसला, सदस्य 38. लोक तिला श्रीमंतांचा क्लब म्हणतात. आशियातून जपान, दक्षिण कोरिया असे मोजके देश आत आहेत, आग्नेय आशियातून अजून कुणीच नाही. त्या भागासाठी संघटनेने 2014 मध्ये वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्याचं अध्यक्षपद दोघांकडे असतं: एक सदस्य देश, एक त्या भागातला. आधी जपान आणि इंडोनेशिया, मग कोरिया आणि थायलंड, पुढे ऑस्ट्रेलिया आणि व्हिएतनाम. 2024 मध्ये इंडोनेशिया आणि थायलंड, दोघांशीही सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचं ठरलं.

मग पैसे नाहीत तर मिळतं काय? मोजमाप मिळतं. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची परीक्षा हीच संघटना घेते. 2022 मध्ये गणितात सदस्य देशांची सरासरी होती 472. व्हिएतनामला मिळाले 469 आणि इंडोनेशियाला 366. म्हणजे आपल्याच भागातला, फारसा श्रीमंत नसलेला देश जवळजवळ सरासरी गाठतो आणि आपण शंभराने मागे. इंडोनेशियाच्या मंत्र्याला आता ‘आम्ही गरीब आहोत’ एवढं सांगून सुटता येत नाही. कर, लघुउद्योग, सरकारी खरेदी, सगळीकडे हीच पद्धत: एकाच फुटपट्टीने सगळ्यांना मोजायचं आणि आकडे समोर ठेवायचे.

पण सदस्य व्हायचं तर नुसतं मोजून घेऊन भागत नाही. वीसहून अधिक समित्या तुमचे कायदे तपासतात, भांडवलाची ये-जा मोकळी करायला सांगतात. इथे मला कोरियाची आठवण करून द्यायची आहे. कोरिया डिसेंबर 1996 मध्ये सदस्य झाला. नोव्हेंबर 1997 मध्ये तो नाणेनिधीच्या दारात होता. त्याआधीच्या काही वर्षांत तिथल्या बँकांना परदेशातून अल्पमुदतीचं कर्ज घेणं सोपं केलं होतं, दीर्घमुदतीच्या कर्जावर मात्र बंधनं राहिली. बँकांनी थोड्या महिन्यांसाठी डॉलर उचलले आणि मोठ्या उद्योगसमूहांना वर्षानुवर्षांसाठी दिले. परदेशी बँकांनी पैसे परत मागितले तेव्हा तिजोरीत डॉलर नव्हते. 1998 च्या सुरुवातीला लोकांनी रांगा लावून घरातलं सोनं देशासाठी दिलं, 200 टनांहून जास्त. लग्नाच्या अंगठ्यासुद्धा. खरं सांगायचं तर हे सगळं ओईसीडीने करायला लावलं असं नाही, क्रम कोरियाच्या सरकारनेच ठरवला होता. पण आत जायची घाई होती, आणि त्या घाईत देखरेख मागे राहिली.

इंडोनेशियापुढे आज असाच एक अवघड प्रश्न आहे, निकेलचा. 2020 पासून त्यांनी कच्च्या निकेलची निर्यात बंद केली: कारखाने आमच्याकडे काढा, मग निकेल घ्या. युरोपीय संघ त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेला, 2022 मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला, त्यांनी अपील केलं. ओईसीडीचं मतही अशा बंदीच्या विरोधातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? भारत सदस्य नाही, पण 2007 पासून महत्त्वाचा भागीदार आहे, त्यामुळे आपलंही मोजमाप होतं. 2018 मध्ये या संघटनेने दिल्लीच्या एका संशोधन संस्थेबरोबर भारताच्या शेती धोरणाचा अहवाल काढला. निष्कर्ष असा की खतं, वीज, पाणी यांवरची अनुदानं धरूनही शेतकऱ्याच्या पदरी पडणारा आधार उणे येतो, कारण निर्यातबंदीसारखे निर्णय त्याचा भाव पाडतात. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याने हेच सांगितलं होतं. फरक एवढाच की अहवालात त्याच्या तक्रारीला आकडा आहे.

आणि म्हणूनच मला निकेल आणि कांदा एका तागडीत घालणं पटत नाही. निकेल थांबवला तर निदान कारखाना उभा राहण्याची शक्यता असते. कांदा थांबवला तर तो चाळीत सडतो. संघटनेची फुटपट्टी दोन्हीला ‘निर्यातबंदी’ म्हणते. कुठली बंदी उठवायची, कुठली ठेवायची, कधी, हे त्या त्या देशानेच ठरवायला हवं.

माझं मत विचाराल तर इंडोनेशियाने आत जावं, मोजून घ्यावं, पण दारं कुठल्या क्रमाने उघडायची ते स्वतः ठरवावं. अल्पमुदतीच्या परदेशी कर्जाचं दार सगळ्यात शेवटी. आणि आपण सदस्य होऊ न होऊ, तो शेतीचा आकडा तरी आपल्या बाजार समित्यांपर्यंत पोचवूया.