कोपऱ्यातले तीन पोर्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्यापैकी कुणी डॉक्टर झालं, कुणी बँकेत आहे, कुणी घरची शेती पुढे नेली. तुमचं काम एका शब्दात सांगता येतं. माझी पंचाईत होते. "मी नेटवर्कमध्ये आहे" म्हटलं की समोरचा मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "मग बघ ना, आमच्याकडे रेंज का येत नाही!" म्हणून संयोजकांनी दहा मिनिटं दिली तेव्हा ठरवलं, की माझं काम एकाच यंत्रावरून सांगायचं.

ते यंत्र म्हणजे राउटर. तुमच्या घरी वायफायचा डबा असतो, त्याचा हा थोरला भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किंवा डेटा सेंटरमध्ये लोखंडी रॅकमध्ये बसवलेला असतो. पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिससारखं त्याचं काम: आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि त्याला योग्य वाटेला लावायचं. त्याच्या तोंडावर फायबरचे पोर्ट रांगेनं असतात. पाहायला येणारे साहेब त्यांचाच वेग विचारतात. पण कोपऱ्यात आणखी काही लहान पोर्ट असतात. एकावर 'कन्सोल' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'मॅनेजमेंट', आणि मोठ्या राउटरवर तिसरे असतात ते घड्याळाचे. यांतून ग्राहकाचा एकही फोन जात नाही, एकही व्हिडिओ जात नाही. तरीही वाईट दिवस उजाडला की सगळं या तिघांवर येऊन ठरतं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप एकदम गप्प झालं. फेसबुक, इन्स्टाग्रामही बंद. सुमारे सहा तास हा प्रकार चालला. कंपनीनं नंतर स्वतःच कारण जाहीर केलं: देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं मुख्य जाळंच तुटलं. बिघाड कळला, पण दुरुस्त कुठून करायचा? दुरून जायची नेहमीची वाट त्याच जाळ्यातून जात होती, आणि अडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही बंद पडली होती. शेवटी माणसं प्रत्यक्ष इमारतींमध्ये पाठवावी लागली, आणि त्या इमारतींचा बंदोबस्त इतका कडक की आत शिरून यंत्रापर्यंत पोहोचण्यातही वेळ गेला.

पुढच्याच वर्षी, ८ जुलै २०२२ ला, कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं. एक कोटीहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट गेलं, आणीबाणीच्या ९११ क्रमांकावर कित्येकांना फोन लागेना. तिथेही कथा तीच. राउटर सांभाळण्याची वाट मुख्य जाळ्यावरच अवलंबून होती. जाळं पडल्यावर अभियंत्यांना राउटर दिसेनात, त्यांतल्या नोंदी वाचता येईनात, आणि कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोनही त्याच कंपनीचे! कारण सापडायलाच कित्येक तास लागले.

बसलेली फांदी तोडणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. आमच्या धंद्यात ती रोज शक्य असते. मी इथे बसून दीडशे किलोमीटरवरच्या राउटरला आज्ञा देतो, तेव्हा ती आज्ञा त्याच राउटरच्या फायबरमधून पोहोचते. तीच वाट बंद करणारी आज्ञा गेली, तर "परत उघड" हे सांगायला वाट उरत नाही.

त्यासाठी कन्सोल पोर्ट. राउटरच्या कानाशी बसून बोलण्याची ही सोय. त्याला इंटरनेट लागत नाही, आयपी पत्ता लागत नाही. राउटर चालू होताना आपली सगळी कर्मकहाणी याच पोर्टावर सांगतो, आणि पासवर्ड हरवला तर तो नव्यानं घालायची वाटही सहसा इथूनच जाते. दिसायला तो बहुतेक वेळा लॅनच्या पोर्टसारखा असतो, पण आत जुनी सीरियल पद्धत असते. साधी लॅन केबल लावून काही होत नाही. त्याची केबल वेगळी, बहुधा फिकट निळी आणि चपटी. लॅपटॉपला आता सीरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा जोड लागतो. नव्या राउटरवर थेट यूएसबीचाच कन्सोल असतो. मग लॅपटॉपवर वेग जुळवायचा: बऱ्याच राउटरवर ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं आली, तर पहिला संशय वेगावर घ्यायचा.

पण दर वेळी माणूस लॅपटॉप घेऊन धावू शकत नाही. पावसाळ्यात घाट बंद असतो, रात्री दोनला एक्स्चेंजची किल्ली कुणाकडे आहे हे कळत नाही. म्हणून रॅकमधल्या सगळ्या राउटरच्या कन्सोल केबल एका कन्सोल सर्व्हरला जोडतात, आणि त्या सर्व्हरला बाहेरचं जग दिसावं म्हणून फोर-जी मोडेम लावतात. त्यात सिम दुसऱ्या कंपनीचं हवं. आपल्याच कंपनीचं घातलं तर फांदीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू! मोडेमचा अँटेना लोखंडी रॅकच्या बाहेर काढायचा, आणि वीज वेगळ्या यूपीएसवरून घ्यायची.

दुसरा पोर्ट मॅनेजमेंटचा. हा साधा इथरनेटच. रोजची देखरेख, नोंदी गोळा करणं, नवं सॉफ्टवेअर चढवणं हे यावरून होतं. राउटरच्या आत त्याचा पत्त्यांचा तक्ता वेगळा ठेवतात, म्हणजे ग्राहकांची वाहतूक इकडे शिरत नाही आणि इकडची तिकडे जात नाही. इथली चूक केबल लावताना होते. मॅनेजमेंटच्या पोर्टातून केबल काढून 'वेगळ्या' स्विचला लावतात, आणि तो स्विच फिरून फिरून त्याच राउटरवरून बाहेर जातो. नकाशावर दोन रेघा, प्रत्यक्षात वाट एकच. म्हणून आम्ही कामगिरी पूर्ण झाल्याचं कागदावर मानत नाही. ठरवून, रात्रीच्या वेळी, मुख्य फायबर काढून पाहतो. तरीही राउटर दिसला, तरच सही.

आता तिसरा, घड्याळाचा. आपल्या शाळेत प्रत्येक सरांच्या मनगटावर घड्याळ होतं, पण तास बदलायचा घंटेवर. दोन वर्गांची घड्याळं दोन मिनिटांनी वेगळी असती तर गणिताचे सर वर्गात आणि मराठीच्या बाई अजून फळ्यापाशी, असा गोंधळ झाला असता. मोबाईलच्या टॉवरांचं तसंच आहे. फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या एका प्रकारात बोलणं आणि ऐकणं एकाच लहरीवर आळीपाळीनं चालतं. शेजारच्या सगळ्या टॉवरांनी एकाच क्षणी पाळी बदलायची. त्यात सूट किती? दीड मायक्रोसेकंद पुढे-मागे. इतक्या वेळात प्रकाशही फक्त साडेचारशे मीटर जातो. एखाद्या टॉवरचं घड्याळ याहून जास्त सरकलं, तर शेजारचा ऐकत असताना हा ओरडू लागतो. मोबाईलवर रेंजचे दांडे दिसत असतात आणि काम मात्र अडखळतं.

ही वेळ टॉवरांपर्यंत राउटरच पोहोचवतात, आणि म्हणून राउटरला बाहेरच्या घड्याळाशी जोडावं लागतं. त्यासाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. गाणं ऐकणाऱ्यांना लगेच कळेल. एका केबलनं १० मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोके, ही लय. दुसरीवरून सेकंदाला एकच ठोका येतो, ही सम. आणि तिसरीवरून कळतं की आत्ताचा सेकंद कोणत्या तारखेचा, किती वाजून किती मिनिटांवरचा. हे आवर्तन कितवं. लय आहे पण सम सापडली नाही, तर टॉवर वेगानं बरोबर चालेल आणि पाळी मात्र चुकीच्या क्षणी बदलेल.

घड्याळाचं मूळ गच्चीवर असतं. छोटा अँटेना, वर उघडं आकाश, जीपीएस किंवा आपल्या नाविक उपग्रहांचा संदेश. त्याला वीजरोधक आणि पक्कं अर्थिंग हवं, नाहीतर पहिल्या वळवात वीज केबलवरून थेट यंत्रात उतरते. शिवाय केबल स्वतः वेळ खाते, मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद. चाळीस मीटर केबल ओढली तर दोनशे नॅनोसेकंद तिथेच गेले. म्हणून केबलची लांबी मोजून यंत्राला सांगावी लागते.

पण आकाशातलं घड्याळही चुकतं. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवरून वेळेच्या दुरुस्तीचा चुकीचा आकडा गेला. फरक सुमारे १३ मायक्रोसेकंदांचा. माणसाला हे काहीच नाही, पण मघाच्या दीडशी ताडून पाहा. अनेक देशांत दूरसंचाराच्या यंत्रांवर धोक्याच्या सूचना वाजू लागल्या. म्हणून घड्याळाचाही दुसरा स्रोत हवा, आणि दोन्ही गेले तर काही तास वेळ धरून ठेवणारं चांगलं रुबिडियमचं घड्याळ जवळ असावं.

टॉवर नसले तरी वेळ लागतेच. बिघाड झाला की आम्ही दहा राउटरच्या नोंदी शेजारी ठेवून वाचतो. त्यांची घड्याळं तीन-तीन मिनिटांनी वेगळी असली, तर परिणाम आधी आणि कारण नंतर दिसतं. चोर शोधायचा असो की बिघाड, अशा नोंदींचा उपयोग नाही. म्हणूनच भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक यंत्रणांची घड्याळं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. भूगोलाच्या तासाला आपण ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्त पाठ केलं होतं. त्यावरची भारतीय प्रमाणवेळ त्या प्रयोगशाळेतली अणुघड्याळं सांभाळतात.

मित्रांनो, तुमच्यात कुणाचं हॉस्पिटल आहे, कुणाची पतसंस्था, कुणाचा कारखाना. तुमच्याकडेही रॅक आहे आणि त्यात राउटर आहे. तो बसवणाऱ्याला वेग जरूर विचारा, पण आणखी तीन प्रश्न विचारा. मुख्य लाइन गेली तर याच्याशी बोलायची दुसरी वाट कोणती, आणि ती तोडून तपासली कधी? याचं घड्याळ कुठून चालतं? आणि कन्सोलची केबल व रॅकची किल्ली कुठे, कुणाकडे? शेवटचा प्रश्न हलका समजू नका. कन्सोलपाशी पोहोचलेला माणूस राउटरचा मालक होऊ शकतो. म्हणून किल्ली जबाबदार माणसाकडे हवी, आणि ती कुणाकडे आहे हे दोघांना माहीत हवं.

शाळेच्या नव्या संगणक कक्षासाठी आपण निधी जमवत आहोत. त्यात माझी एक भर मी बरोबर आणली आहे: एक निळी चपटी केबल, यूएसबीचा जोड आणि पासवर्ड कुठल्या पाकिटात बंद आहे ते लिहिलेली एक चिठ्ठी. तिन्ही रॅकच्या दाराला आतून बांधून ठेवणार आहे. आठवी-नववीच्या मुलांनी ती केबल लावून राउटर चालू होताना काय काय बोलतो ते एकदा तरी वाचावं, एवढी सरांना विनंती.