बाळंतिणीला दम लागतो तेव्हा
(विहारातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. रिंग फ्रेम खात्यात उभी हयात गेली. डॉक्टरकीवर बोलायचा आमचा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या घरात जे घडलं ते सांगितलंच पाहिजे, असं आमच्या मंडळींचंही म्हणणं पडलं.

२०१८ साली आमची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. बारा दिवस गेले आणि पोरीची झोप उडाली. आडवी झाली की खोकल्याची ढास. एक उशी घेतली, दोन घेतल्या, तीन घेतल्या. शेवटी भिंतीला टेकून बसून रात्र काढायला लागली. पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा पडे. शेजारणी म्हणाल्या, बाळंतवात आहे, शेक द्या. आम्ही शेगडी पेटवली. एका दवाखान्यात नेलं, तिथं खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं. डॉक्टरला बोल लावून मोकळं होता येईल. पण त्याच्या आधी आम्हीच तिला म्हणालो होतो, "तुझी आई दहाव्या दिवशी पाणी भरत होती. तुम्हा आताच्या पोरींना काही सोसतच नाही." ते बोलणं आजही आम्हाला टोचतं.

दोन दिवसांनी रात्रपाळी करून सकाळी घरी आलो तर पोरगी उंबऱ्यात बसलेली, घामाने भिजलेली, एक शब्द बोलायला दोनदा श्वास घेत होती. १०८ नंबरला फोन केला. सरकारी दवाखान्यात टू-डी इको काढला तेव्हा कळलं, की दम फुप्फुसाचा नव्हता, हृदयाचा होता.

गरोदरपणाचा शेवटचा महिना आणि बाळंतपणानंतरचे पाच महिने, या काळात काही बायांचं हृदय एकाएकी कमजोर होतं. आधी हृदयाचा कसलाही आजार नसताना होतं. पोटात जुळी असतील, गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, तर धोका जास्त. आमच्या पोरीचं बीपी शेवटी वाढलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंपिंग पंचवीस टक्के आहे." आमच्या पायाखालची जमीन सरकली. वाटलं, पाऊण हृदय मेलं! त्यांनी समजावलं, की निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला शंभर टक्के रक्त बाहेर टाकत नाही, साठाच्या आसपास टाकतं. म्हणजे तिची ताकद निम्म्याहून खाली आली होती. आणि या दुखण्यात औषध वेळेवर मिळालं तर पुष्कळ बायांचं हृदय काही महिन्यांत सावरतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्या आशेवर आम्ही उभे राहिलो.

घरी आणल्यावर आमच्याकडे वहीचं काम आलं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, साठलेलं पाणी. तडक दवाखाना गाठायचा. दिवसभराचं पाणी मापाच्या तांब्याने. पापड, लोणचं, खारं सगळं बंद. आमची सौ. म्हणाली, "बाळंतिणीला अळणी कसं घालू?" मग आम्हीही सगळे अळणीच खायला लागलो. गिरणीत डब्याला हात लावणारे दोस्त आपोआप कमी झाले!

सगळ्यात अवघड गेलं ते दुधाचं. तिच्या बाबतीत डॉक्टरांनी गोळ्या देऊन दूध थांबवलं. सगळ्यांचंच थांबवतात असं नाही, ते डॉक्टर ठरवतात. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडायची. "आबा, मी कसली आई?" आम्हाला उत्तर सुचेना. डब्याचं दूध उकळलेल्या पाण्यात कालवून वाटी-चमच्याने नातीला पाजायला आम्ही शिकलो, आणि पाजताना पोरीच्या मांडीवरच निजवून पाजायचो. पहिल्यांदा अर्धं दूध आमच्या सदऱ्यावर सांडलं, तेव्हा पोरगी हसली. त्या दिवशी वहीत वजनाशेजारी "हसली" असं लिहिलेलं आहे.

सहा महिन्यांनी इको पन्नास टक्क्यांवर आला. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने सोडू नका. आम्ही एकदा तो विचार केला होता, डॉक्टरीणबाईंनी झापलं.

मग सासरकडून निरोप आला, आता मुलगा बघा. दुसऱ्या खेपेला हे दुखणं उलटू शकतं, हृदय पुरतं सावरलं नसेल तर जिवावर बेतू शकतं. आम्ही जावईबापूंना डॉक्टरांपुढेच नेऊन बसवलं. त्यांनी ऐकलं, कॉपर-टी बसवून घेतली. सासूबाई वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो नामंजूर झाला. आमच्या घरात मात्र मंजूर झाला, एवढंच सांगतो.

नात आता शाळेत जाते. आमची लेक आज मागच्या रांगेत बसली आहे. तुमच्या घरात कुणी बाळंतीण उशा वाढवत असेल, तर सभा संपल्यावर तिच्याशी बोला. आमच्यापेक्षा ती नीट सांगेल.

जयभीम.